इसार दिलेली गाडी

बीडच्या मोंढ्यात तीन पिढ्यांपासून खते आणि बी-बियाणांचा व्यापार करणारे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. असे घर गेवराईत सापडेल, माजलगावात सापडेल, आष्टी-कड्यातही सापडेल. दुकानाची गादी काकासांकडे, बाहेरची धावपळ पुतण्याकडे आणि घरातील शेवटचा शब्द दादीसांचा. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. संध्याकाळी चौविहाराची वेळ टळण्यापूर्वी जेवणे उरकली आणि पुतण्याने मोबाइलमधील छायाचित्रे काकासांपुढे धरली.

गाडी काळ्या रंगाची, जर्मन कंपनीची, २०१७ सालची, डिझेलवर चालणारी. पुण्याची नोंदणी, पहिलाच मालक. चाललेली १ लाख १२ हजार किलोमीटर. विक्रेत्याची मागणी साडेसोळा लाख. नवी असताना हिचा भाव याच्या तिपटीहून अधिक होता. काकासांनी सारी छायाचित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, "इसार दिलास का?"

पुतण्याने मान खाली घातली. पन्नास हजार दिले होते, तेही दुकानाच्या गल्ल्यातून. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. वार मंगळवार होता.

अशी हौस मराठवाड्यात नवी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत व्यापारी, उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यासाठी स्टेट बँकेने कर्ज दिले होते. गाडीमागे सरासरी ४३ लाख. देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली, आणि मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या माणसांना त्याचा अभिमान वाटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुतण्या त्या वेळी शाळेत होता. ती छायाचित्रे त्याच्या मनात घर करून राहिली असतील तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र त्या गाड्या नव्या होत्या, हमीसह होत्या, आणि दीडशे ग्राहक एकत्र आल्यामुळे भाव ठरवण्याची ताकद घेणाऱ्यांच्या हाती होती. आठ वर्षे चाललेल्या एका गाडीसमोर एकटा उभा असलेला ग्राहक यातले काहीच बरोबर घेऊन जात नाही.

पुतण्याने तयारी केली नव्हती असे नाही. तो म्हणाला, "काकासा, एवढ्याच पैशांत नवी गाडी घेतली तर मधल्या दर्जाची येते. ही गाडी साठ लाखांच्या आसपासची. दादीसांना गुडघ्यासाठी महिन्यातून दोनदा संभाजीनगरला न्यावे लागते. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या रात्री दिव्याविना उभ्या असतात. हिच्यात सुरक्षितता आहे."

युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. धुळे-सोलापूर महामार्ग चांगला झाला असला तरी गळीत हंगामात त्यावरचा रात्रीचा प्रवास जिवावरचा असतो, हे बीडकराला सांगावे लागत नाही. तरीही २०१७ ची महागडी गाडी आजच्या मधल्या गाडीहून सुरक्षित असते, हे गृहीतक तपासूनच घ्यावे लागते. ऑक्टोबर २०२३ पासून भारतात 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणीची पद्धत सुरू झाली आहे. पंधरा-सोळा लाखांच्या आतल्या अनेक नव्या गाड्यांना तीत पाच तारे मिळाले आहेत आणि सहा एअरबॅगही त्यांत येतात. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांवरचा जीएसटी बदलला. लहान गाड्यांवर तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्या गाड्यांवरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाला. नव्या गाडीचा भाव उतरला की जुनीचा भावही उतरायला हवा. विक्रेत्याने साडेसोळा लाख हा आकडा सप्टेंबरपूर्वीच्या बाजारावरून धरला आहे की नंतरच्या, हे पुतण्याने विचारले नव्हते.

काकासांनी वही मागवली. ते वाणिज्य शिकलेले नव्हते, पण वडिलांनी शिकवलेली एक सवय त्यांच्या हाताला होती. कोणत्याही वस्तूची किंमत ते एका ओळीत लिहीत नसत.

पहिली ओळ कर्जाची. पुतण्याच्या हिशेबानुसार बँक बारा लाख देणार होती आणि साडेचार लाख घरचे घालायचे होते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा चढा असतो आणि मुदत कमी मिळते, कारण तारण म्हणून ठेवलेली वस्तू कर्जापेक्षा वेगाने झिजते. बँक विक्रेत्याच्या मागणीवर कर्ज देत नाही. ती आपल्या मूल्यांकनावर देते, आणि हे दोन आकडे जुळतातच असे नाही. बारा टक्के दर आणि चार वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ३१,६०० रुपये येतो आणि चार वर्षांत व्याजच ३ लाख १७ हजार होते.

दुसरी ओळ घसाऱ्याची. आणखी चार वर्षांनी गाडी बारा वर्षांची होईल. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर काट्यावर १ लाख ७२ हजार दिसतील. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३२ पर्यंत. मग पुनर्नोंदणीची तपासणी आणि पर्यावरण कर. अशा गाडीला तेव्हा पाच लाख मिळाले तरी पुष्कळ, असे पुतण्यानेच मान्य केले. म्हणजे साडेअकरा लाख गेले. व्याज धरून १४ लाख ६७ हजार. साठ हजार किलोमीटरला भागले की दर किलोमीटरला साडेचोवीस रुपये, आणि यात डिझेलचा एक थेंबही नाही.

"पण कर वाचतो ना," पुतण्या म्हणाला, "गाडी फर्मच्या नावावर घेऊ."

हे वाक्य व्यापारी घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याचा आकडा कोणी मांडत नाही. मोटारीवरचा घसारा आयकरात पंधरा टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच. नोव्हेंबरात घेतलेल्या साडेसोळा लाखांच्या गाडीवर मार्चअखेर १ लाख २३ हजार ७५० रुपये घसारा मिळेल आणि भागीदारी फर्मचा कर तीस टक्के अधिक सेस धरला तर वाचणारी रक्कम सुमारे ३८,६०० होईल. कर्जावरच्या व्याजाची वजावट वेगळी. घरच्या वापराचा भाग मात्र दोन्हींतून वगळावा लागतो. जीएसटीचे इनपुट क्रेडिट तर अशा प्रवासी गाडीवर मिळतच नाही. सारे धरूनही पहिल्या वर्षी दीड-दोन हप्त्यांएवढा कर वाचवण्यासाठी सोळा लाखांची वस्तू घ्यायची, हा कसला व्यापार?

जीएसटीबाबत मात्र पुतण्याची भीती अनाठायी होती. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेत जुन्या वाहनांवर सरसकट १८ टक्के दर ठरला आणि समाजमाध्यमांवर गोंधळ उडाला. अनेकांना वाटले की पूर्ण किमतीवर १८ टक्के द्यावे लागतील. तसे नाही. नोंदणीकृत विक्रेत्याला तो केवळ आपल्या नफ्याच्या फरकावर भरायचा असतो. पंधराला घेऊन साडेसोळाला विकली तर कर दीड लाखावर. आणि खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला गाडी विकली तर हा कर लागतच नाही. विक्रेता "वर जीएसटी वेगळा" म्हणून तीन लाख मागू लागला तर उठून यावे.

दिल्लीहून आणलेली अशीच गाडी तेरा लाखांत मिळते, असेही पुतण्याने ऐकले होते. ती स्वस्त असण्याचे कारण उघड आहे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये मालकांवरच्या कारवाईला न्यायालयाने लगाम घातला खरा, पण भाव पडायचा तो पडलाच होता. तिथून गाडी आणायची तर ना-हरकत प्रमाणपत्र, इथला एकरकमी कर आणि नवी नोंदणी. पुण्याची गाडी राज्यातलीच असल्याने एमएच-१२ हा क्रमांक तसाच राहतो आणि फॉर्म २९ व ३० वर हस्तांतर होते. तेवढ्यापुरती पुतण्याची निवड बरोबर होती.

बुधवारी काकासांनी पुतण्याला पुण्याला पाठवले. सोबत ओळखीचे एक वयस्क मेस्त्री दिले, ज्यांनी अधिकृत कार्यशाळेत आयुष्य घालवून आता स्वतःचे छोटे गॅरेज टाकले आहे. मेस्त्रींना १ लाख १२ हजार या आकड्याची मुळीच धास्ती नव्हती. त्याच विक्रेत्याकडे त्याच सालची दुसरी गाडी होती, अवघी ४८ हजार चाललेली आणि अडीच लाखांनी महाग. मेस्त्रींनी तिच्या ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पाहिले, चालकाच्या आसनाची बाहेरची कड पाहिली, स्टिअरिंग वरच्या बाजूने गुळगुळीत झालेले पाहिले आणि पुढे गेले. ४८ हजारांत पाय एवढे रबर खात नाही. काट्यावरचा आकडा मागे फिरवता येतो. अधिकृत कार्यशाळेत चॅसिस क्रमांकावर प्रत्येक सर्व्हिसच्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात आणि गाडीतल्या इतर संगणकीय भागांतही ते उमटलेले असतात, ते मात्र सहसा मागे फिरत नाहीत. काळ्या गाडीची सर्व्हिसची साखळी अखंड होती. वर्षाला चौदा हजार, बहुतेक महामार्गावरचे. आठ वर्षे अशी चाललेली गाडी शहरात वळवळून पन्नास हजार झालेल्या गाडीहून निकोप असू शकते, हे मेस्त्रींचे मत ज्यांनी ट्रॅक्टर आणि मालमोटारी पाळल्या आहेत त्यांना पटेल.

मग मेस्त्रींनी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहिला. आत गाळाची रेघ नव्हती. आसनाखालच्या रुळांवर गंज नव्हता. पुराचे पाणी पाहिलेली गाडी आतून धुऊन, अत्तर मारून दूरच्या जिल्ह्यात विकली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरीचे रूप पाहिलेल्या बीडकरांनी तरी ही तपासणी विसरू नये.

गाडी निर्दोष होती, पण वय झालेली होती. टायरच्या कडेवर चार अंकी संख्या असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. चारही टायर २०१९ चे निघाले. ते रन-फ्लॅट जातीचे होते, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. म्हणून डिकीत जादा चाकच नव्हते. पुणे-मुंबई रस्त्यावर ही सोय आहे. मांजरसुंब्याच्या घाटात रात्री अकराला टायरची भिंत फाटली तर त्या मापाचा टायर बीडला मिळणार नाही. मेस्त्रींनी चहा पिता पिता खर्च सांगितला : चार टायर १ लाख, सस्पेन्शनचे बुश आणि आर्म ९० हजार, स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल व फिल्टर ३५ हजार, बॅटरी २५ हजार. कंपनीने गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे म्हटले होते. "आयुष्य कोणाचे, गाडीचे की हमीचे, ते त्यांनी लिहिले नाही," असे मेस्त्री म्हणाले. विम्याचे ५५ हजार धरून पहिल्या वर्षी ३ लाख ५ हजार झाले. आणि टर्बो, इंजेक्टर किंवा एसीचा कॉम्प्रेसर यांपैकी एक काही गेले तर हाताशी असावेत म्हणून आणखी दोन लाख बाजूला.

विम्याच्या ओळीत एक खाच आहे, जी घेणाऱ्याला दाव्याच्या दिवशीच कळते. पाच वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर विमा कंपनी चाळीस टक्के घसारा कापते आणि रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के. घसारा न कापणारी पॉलिसी एवढ्या जुन्या गाडीला बहुधा मिळत नाही. आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच असतो. पहिल्या मालकाचा नो-क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

नोंदणीपुस्तिका मूळ मालकाच्याच नावावर होती आणि त्याने सही केलेला कोरा फॉर्म विक्रेत्याकडे होता. हा रिवाज जुना असला तरी धोक्याचा आहे. नावावर गाडी असेल तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात दिला आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना विभागाला जावी लागते. या विक्रेत्याकडे अधिकारपत्र होते, सूचना गेलेली नव्हती. सांगितल्यावर "दोन दिवसांत करतो" म्हणाला. तोंडाने नव्हे, लेखी घ्यावे, असे काकासांनी फोनवर बजावले.

गुरुवारी रात्री वही पुन्हा उघडली. गाडी चांगली होती, हे काकासांनी मान्य केले. प्रश्न पाच लाखांचा उरला. साडेसोळा लाखांच्या गाडीपाठी पाच लाख रोकड उभी राहू शकली तर गाडी घरात यावी, असे त्यांचे म्हणणे. ती उभी राहणार कुठून? खरिपाच्या पेरणीला दिलेल्या खत-बियाणांची २२ लाखांची उधारी बाहेर होती. निम्मे खातेदार सिंदफणेकाठचे, ज्यांचा कापूस आणि सोयाबीन सप्टेंबरात पाण्याखाली गेले. त्यांच्याकडून यंदा मुद्दल आले तरी देवाची कृपा. घाऊक पुरवठादाराचे देणे मात्र तारखेला द्यावेच लागते.

"आणि ते लोक दुकानात येऊन बाकावर बसतात," काकासा म्हणाले. "एकाला मी परवा म्हटले, रब्बीनंतर दे. दारात ही गाडी उभी राहिली की दोन गोष्टी होतील. देणारा म्हणेल, यांना काय घाई आहे. आणि आपल्याला उधार देणारा म्हणेल, यांचा पैसा गाडीत गेला."

पुतण्या काही बोलला नाही. पुण्याहून परतताना त्याच्याही मनात हेच आले असावे.

दादीसा इतका वेळ जपमाळ घेऊन बसल्या होत्या. रोज सकाळी चौदा नियम धारणारी ही बाई. त्यांत वाहनाचाही नियम असतो, आज किती वाहनांत बसायचे याची मर्यादा. त्यांनी एकच विचारले, "आत कातडे आहे का रे?"

विक्रेत्याच्या जाहिरातीत ते अभिमानाने लिहिलेले होते : अस्सल चामड्याची आसने. पुतण्याने ते वाचले होते, पण शब्द त्याच्या डोळ्यांवरून घसरला होता. महागड्या गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांत चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम आवरण असते, मर्सिडीज त्याला आर्टिको म्हणते आणि बीएमडब्ल्यू सेन्साटेक. मात्र स्टिअरिंगचे वेष्टन तिथेही चामड्याचे असू शकते. नवी गाडी घेताना हे विचारून ठरवता येते, जुनीत जे आहे ते आहे. आवरण बदलून घेता येईल, असे पुतण्या पुटपुटला. दादीसा म्हणाल्या, "बदल बाबा. मी आपली जुन्या गाडीतच बसेन." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ज्यांच्या गुडघ्यासाठी गाडी यायची होती त्याच तीत बसणार नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी पुतण्यानेच विक्रेत्याला फोन लावला. इसार बुडेल म्हणून गाडी घ्यावी काय, हा विचार रात्रभर त्याला छळत होता, आणि काकासांनी त्याचे उत्तर आदल्या रात्रीच दिले होते. गेलेले पन्नास हजार घेतले तरी गेलेले आहेत आणि न घेतले तरी गेलेले आहेत. निर्णय उरलेल्या सोळा लाखांचा. विक्रेता आधी अडून बसला. इसाराच्या पावतीवर रक्कम परत न मिळण्याची अट छापलेली नव्हती आणि मालकाने ताबा दिल्याची सूचनाही विभागाकडे गेलेली नव्हती, या दोन गोष्टी काकासांनी फोन घेऊन अत्यंत नम्रपणे त्याच्या कानावर घातल्या. दुपारी तीस हजार खात्यात परत आले.

संध्याकाळी गादीवर काकासांनी रोजमेळ पुतण्यापुढे सरकवला. गल्ल्यातून गेलेले पन्नास हजार त्यात अजून कुठेच नव्हते. मंगळवारपासून ती रोकड मेळाला कमी पडत होती आणि काकासांनी ते कोणाला दाखवले नव्हते.

"कोणत्या खाती लिहू?" पुतण्याने विचारले. "वाहनखर्च?"

"गाडी कुठे आहे?"

पुतण्याने तीस हजार जमा लिहिले आणि वीस हजार स्वतःच्या नावे टाकले. रब्बीची वसुली पाहून चैत्रात पुन्हा बसू, असे काकासा म्हणाले. तोवर दरमहा वीस हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत पडतील. मग मंगळवारच्या डॉक्टरांच्या वेळेची आठवण निघाली. जुन्या गाडीचे पुढचे दोन टायर दसऱ्यापासून बदलायचे राहिले होते. पुतण्याने किल्ली घेतली आणि दुकाने बंद व्हायच्या आत टायरवाल्याकडे निघाला.